वहिनींचा विसावा कुठे गेला?

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार. माझं वय ६२, कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. बायको ५८ वर्षांची, लग्नाला ३५ वर्षं झाली. पाच वर्षांपूर्वी मला शुगर निघाली, डॉक्टरांनी भरभर चालायला सांगितलं आणि मला चालण्याचं वेडच लागलं. रोज सकाळी सहा किलोमीटर, तासाभरात. बायकोचे गुडघे दुखतात. एक्स-रेमध्ये झीज दिसली आहे. पण ती चालते, तिच्या तिच्या गतीने.

माउलींबरोबर एकदा चालायचं ही तिची फार वर्षांची इच्छा. म्हणून गेल्या वर्षी आम्ही पुणे ते सासवड केलं. हडपसर सोडल्यावर माझा पाय सुटला. पण मी दर थोड्या अंतरावर थांबत होतो, तिची वाट बघत होतो. वडकी नाल्याला दुपारचं जेवण झालं. दिवे घाटात मी पुढे गेलो आणि वर झेंडेवाडीला थांबलो. गर्दीत ती दिसेना, फोन लागेना. शेवटी सासवडला जाऊन बसलो. ती दोन तासांनी आली. कुठल्यातरी दिंडीतल्या बायकांनी तिला हाताला धरून आणलं होतं. माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "सकाळपासून तुमची पाठ बघत चालतेय मी." त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर कुठेच यायला तयार नाही. बागेतसुद्धा नाही.

मुलगा म्हणतो, लाइव्ह लोकेशन चालू ठेवा. एका मित्राने लांडग्यांच्या कळपाचा फोटो पाठवला होता. त्यात म्हातारे-आजारी सर्वांत पुढे आणि म्होरक्या सर्वांत मागे. मी तो तिला पाठवला. तिने उत्तरात नुसता अंगठा पाठवला. ताई, मी दर वेळी थांबलो होतो. मग माझं चुकलं कुठे? यंदा तिला आळंदी ते पंढरपूर पूर्ण वारी घडवावी असं मनात आहे. काय करू?
— एक चालणारा, चिंचवड

दादा, नमस्कार.

"मी थांबलो होतो" हे तुम्ही एका पत्रात पुन्हा पुन्हा लिहिलंय. तेव्हा तिथूनच सुरू करू, आणि हिशेबानेच करू. कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाला आकडे लवकर पटतात.

तुम्ही तासाला सहा किलोमीटर चालता, म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटं. गुडघे दुखणाऱ्या वहिनी तासाला साडेतीन किलोमीटर चालत असतील असं धरू. त्यांना एका किलोमीटरला सतरा मिनिटं लागतात. तुम्ही दर किलोमीटरला थांबलात, म्हणजे दर वेळी सात मिनिटं थांबलात. त्या सात मिनिटांत तुम्ही पाणी प्यालात, घाम पुसलात, एखाद्या पारावर टेकलात, शेजारच्या वारकऱ्याशी चार शब्द बोललात. मग वहिनी दिसल्या, जवळ आल्या. तुम्ही म्हणालात, "आलीस? चल." आणि उठलात.

पुणे ते सासवड अंतर साधारण बत्तीस किलोमीटर. त्यातले गर्दीचे, रेटारेटीचे सोडा आणि मोकळ्या रस्त्याचे वीसच धरा. वीस वेळा सात मिनिटं, म्हणजे १४० मिनिटं. जेवणाची वेळ सोडून तुम्हाला दिवसभरात सव्वादोन तासांच्या वर विश्रांती मिळाली. वहिनींना किती मिळाली? त्या जिथे पोचत होत्या तिथे तुमची विश्रांती संपत होती. तुमच्या थांबण्यातून त्यांच्या वाट्याला काही आलंच नाही. उलट लांबून तुम्ही उभे दिसलात की आपल्यामुळे माणूस खोळंबला म्हणून त्या शेवटची शंभर पावलं पाय ओढत, घाईने चालल्या असणार. म्हणजे ज्याला दम जास्त, त्याला आराम जास्त. जिचे गुडघे दुखतात तिला आराम तर नाहीच, वर उशीर केल्याची लाज.

त्यात पुन्हा "मी किती वेळ थांबलो" हेही तुमच्याच खात्यावर जमा. असो.

डोंगरात नेणारे जाणते लोक हा हिशेब कधीचा ओळखून आहेत. सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्या कुठल्याही धड ग्रुपमध्ये पुढे एक लीड असतो आणि सगळ्यांच्या मागे एक स्वीप. स्वीपच्या मागे कुणी राहायचं नाही. पण त्याहून महत्त्वाच्या दोन सवयी अनुभवी मंडळींना असतात. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला शेपटाला न ठेवता लीडच्या लगेच मागे ठेवायचं, म्हणजे लीडचं पाऊल आपोआप आवरतं. आणि विश्रांतीचं घड्याळ शेवटचा भिडू पोचल्यावर सुरू करायचं. पुढे पोचलेल्यांनी आधी जे बसून घेतलं ते त्यांचं नशीब, ते मोजायचं नाही. शेवटचा आला, बसला, पाणी प्याला, बूट सैल केले, मग दहा मिनिटं. तुम्ही एवढं एकच केलं असतंत तरी वहिनी त्या दिवशी इतक्या थकल्या नसत्या. एकट्या पडल्या असत्याच, पण थकल्या नसत्या.

एकटं पडण्याचं वेगळं बघावं लागेल, कारण त्याचा गुडघ्यांशी काही संबंध नाही.

तुम्ही वारीत गेलात, पण वारीसारखे चालला नाहीत. हे टोचून बोलत नाही, पुण्याहून सासवडला जाणारे आपले हजारो लोक असेच मोकळे चालतात. दिंडीतल्या माणसाचं चालणं निराळं असतं. पुढे पताका, मग टाळकरी, विणेकरी, मृदंग, मागे तुळशीवृंदावन आणि हंडे डोक्यावर घेतलेल्या बाया. आपली ओळ ठरलेली. अभंग चालू असतो, टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडतं आणि माझा दम चांगला आहे म्हणून कुणी ओळ मोडून पुढे सटकत नाही. रथाच्या पुढे अमुक नंबरची दिंडी, रथाच्या मागे तमुक नंबरची, पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली ही शिस्त आजही चोपदार सांभाळतात. आणि विसावे! सकाळचा विसावा, दुपारच्या जेवणाचा, मग पुन्हा एखादा. जागा ठरलेल्या. पालखी टेकली की सगळे टेकतात, पालखी उठली की सगळे उठतात. तुमच्या त्या १४० मिनिटांसारखा एकाला भरपूर आणि एकीला काहीच नाही, असा विसावा तिथे नसतो.

आता एक उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल वारी म्हणजे रमतगमत चालणं. अजिबात नाही. दिंडीचं पाऊल बऱ्यापैकी झपाझप असतं. सत्तरीच्या आज्या, पायात साधी चप्पल, डोक्यावर वृंदावन, आपल्याला बघता बघता मागे टाकून जातात. मी दिंडीत चालले आहे, त्यांच्या पावलाला पाऊल देताना माझा जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून सांगते, वहिनींना दिंडीचं पाऊल झेपेलच असं गृहीत धरू नका. त्याबद्दल पुढे बोलू.

आधी त्या लांडग्यांचा निकाल लावते, कारण तो फोटो माझ्याही फोनवर निदान चार ग्रुपांतून आला आहे. फोटो खरा आहे. कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानातला आहे आणि २०११ साली दाखवलेल्या बीबीसीच्या एका मालिकेच्या वेळचा आहे. खोटी आहे ती खालची गोष्ट. त्या कळपात पुढे म्हातारे-आजारी नव्हते. खोल बर्फातून वाट काढायची होती, म्हणून दणकट मादी पुढे होती आणि बाकीचे तिने तुडवलेल्या वाटेवरून एकामागे एक चालले होते. त्यामुळे मागच्यांचे श्रम वाचत होते. सगळ्यात मागून राखण करत येणारा थोर म्होरक्या कुणीतरी घरी बसून रचला.

मला खरी गोष्टच जास्त उपयोगाची वाटते. सशक्त माणसाने पुढे चालण्यात काही गैर नाही, मागच्याची वाट त्यामुळे सोपी होत असेल तर. दिवे घाटात गर्दी दाटते तेव्हा तुम्ही एक पाऊल पुढे, वहिनींचा हात तुमच्या पाठपिशवीच्या पट्ट्याला, आणि तुम्ही "माउली, जरा वाट द्या" म्हणत जागा करताय, हे पुढे चालणं चांगलं. चिखलात, पाण्याच्या डबक्यापाशी, रस्ता ओलांडताना तसंच. पण त्यात मागच्याचा हात तुमच्यापर्यंत पोचला पाहिजे. झेंडेवाडीला जाऊन उभं राहण्याने वडकीतल्या बाईची वाट सोपी होत नाही.

आणि तो फोटो तुम्ही त्यांनाच का पाठवलात, दादा? तो वाचायचा होता तुम्ही. त्यांनी अंगठा पाठवला, मी असते तर तेवढंही पाठवलं नसतं.

आता तुमच्या बाजूने बोलते. सावकाश चालणं तुम्हाला जड जातं, हे ढोंग नाही. प्रत्येकाच्या शरीराची एक सोयीची गती असते. त्या गतीत एक किलोमीटर कापायला सगळ्यात कमी शक्ती लागते. त्याहून भरभर चालाल तर दमता, आणि त्याहून फार हळू चालाल तरी तेवढ्याच अंतराला शक्ती जास्त लागते. म्हणून बायकोबरोबर बाजारात तासभर हिंडल्यावर सहा किलोमीटर चालणाऱ्या पुरुषाची कंबर धरते आणि तो वैतागतो. वैताग खरा असतो. त्याचं खापर तो बायकोवर फोडतो, तेवढं चुकीचं.

२०१३ साली अमेरिकेत सिअॅटलमधल्या एका विद्यापीठात दोन संशोधकांनी तरुण मुलामुलींना जोडीजोडीने चालायला लावून त्यांचा वेग मोजला होता. मुलगे आपल्या प्रेयसीबरोबर किंवा बायकोबरोबर चालताना साधारण सात टक्क्यांनी हळू होत होते. नुसती मैत्रीण बरोबर असेल तर एवढे होत नव्हते. मला हे वाचून हसू आलं होतं, आणि बरंही वाटलं होतं. पण ती विशीतली पोरं, त्यांचं सात टक्क्यांत भागलं. तुमचा आणि वहिनींचा मेळ बसायचा तर तुम्हाला चाळीस टक्क्यांच्या आसपास खाली यावं लागेल. निव्वळ मनाचा निर्धार करून ते जमत नाही. दहा मिनिटं जमतं, अकराव्या मिनिटाला तुम्ही पुन्हा पुढे.

म्हणून तुमचं भरभर चालणं आधी वेगळं काढा. शुगरसाठी ते लागतंच, आठवड्याला निदान दीडशे मिनिटं घाम निघेल असं चालावं असं जगभरचे डॉक्टर सांगतात, आणि तुम्ही त्याहून कितीतरी जास्त चालता. ते सकाळी एकट्याने, नाहीतर तुमच्या मित्रांबरोबर उरकून घ्या. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या जोरात. वारीतसुद्धा वेळापूरच्या अलीकडे धावा असतो, दिंड्याच्या दिंड्या उतारावरून पळत सुटतात. पळायला मनाई कुठेच नाही. पण ते तिथे, त्या उतारावर, सगळ्यांनी मिळून. एरवीच्या वाटेवर आपापल्या ओळीत.

वहिनींबरोबरचं चालणं मात्र व्यायामात धरायचंच नाही. पावलं मोजणारं घड्याळ घरी ठेवा. ते मनगटावर असेल तर तुमचं लक्ष तिकडेच जाणार, आणि तुम्ही लक्ष दिलंत हे वहिनींना कळणार. पस्तीस वर्षांत त्यांना तुमच्या मानेची हालचालसुद्धा वाचता येत असेल.

हळू कसं व्हायचं, तर काही साध्या गोष्टी आहेत. सगळं ओझं तुमच्या पाठीवर घ्या. पाण्याच्या दोन बाटल्या, छत्र्या, शबनम, औषधं, येताना घेतलेली भाजी, सगळं. त्यांच्या खांद्याला पर्ससुद्धा नको. पाच-सहा किलो पाठीवर आले की तुमचं पाऊल आपसूक खाली येतं आणि त्यांचं हलकं होतं. पाऊल मंद करण्यापेक्षा आखूड करा. लांब टांगा टाकून मधे मधे ब्रेक लावणं शरीराला जास्त त्रासाचं. आणि जागा बदला. शेजारी चाला, अर्धं पाऊल मागे, रहदारीच्या बाजूला. पुढे असलात की तुमचे पाय तुम्हाला नेतात. मागे असलात की त्यांचं पाऊल दिसतं आणि त्याच्याशी जुळवता येतं. कुठल्या रस्त्याने जायचं, कुठे वळायचं, कुठे बसायचं हे त्यांना ठरवू द्या. त्या कुणाच्यातरी फाटकातली जास्वंद बघायला थांबल्या तर तुम्हीही ती बघा. पुढच्या कोपऱ्यावर जाऊन उभं राहून इकडे-तिकडे बघू नका. आपल्याकडच्या नवऱ्यांचं ते उभं राहणं कुठल्याही गावात, कुठल्याही लग्नाबाहेर, कुठल्याही देवळाच्या पायरीशी ओळखता येतं.

गुडघ्यांचं थोडक्यात. झीज आहे म्हणून चालणं बंद करणं हा उपाय नाही. बेताने चालणं आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम हाच त्यावरच्या उपचारांचा पाया आहे. गेले वर्षभर वहिनींनी तुमच्याबरोबर फिरणं सोडलंय. एकट्या किंवा मैत्रिणींबरोबर तरी जात असतील तर बरं, नाहीतर गुडघे आणखी आखडले असतील. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. तुम्ही बरोबर जा, पण डॉक्टरांनी "कुठे दुखतं?" विचारल्यावर उत्तर तुम्ही देऊ नका. गुडघ्यावर सूज असेल, रात्री ठणकत असेल, पाय मधेच अडकत असेल, तर वारीचा विषय काढायच्या आधी डॉक्टर. चढापेक्षा उतार गुडघ्यांना जास्त महागात पडतो; जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. तेव्हा त्या उतारावर रेंगाळल्या तर ती सुस्ती नाही. काठी घेणार असतील तर ज्या गुडघ्याला जास्त दुखतं त्याच्या विरुद्ध हातात धरायची. बरेच लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात.

लाइव्ह लोकेशन ठेवा, त्याला माझी ना नाही. मुलाने काळजीपोटीच सांगितलंय. पण पालखीच्या दिवशी घाटात फोन लागेलच याचा भरवसा नसतो, ते तुम्ही अनुभवलंत. त्यापेक्षा वारकऱ्यांची जुनी रीत बरी. निघतानाच ठरवायचं, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं. पुढच्या विसाव्यापाशी, कुठल्या खुणेजवळ, आणि जो आधी पोचेल त्याने तिथून हलायचं नाही. दिंडीत असाल तर दिंडीचा नंबर आणि रथाच्या पुढची की मागची हे चिठ्ठीवर लिहून दोघांच्या खिशात. आणि समजा तुमचा ठिपका वहिनींच्या फोनवर अगदी व्यवस्थित दिसला असता, झेंडेवाडीला, वरती. त्याने काय झालं असतं? पाठीऐवजी ठिपका बघत चालल्या असत्या.

आता यंदाचं. पूर्ण वारी घडवावी असं तुमच्या मनात आहे. तुमच्या मनात. त्यांच्या मनात अजून आहे का, हे पत्रात कुठे दिसलं नाही. मला भीती वाटते की तुम्ही गेल्या वर्षीचं प्रायश्चित्त म्हणून अडीचशे किलोमीटरचा बेत आखताय, आणि तोही एकट्याने, पुन्हा चार पावलं पुढे जाऊन.

शिवाय पुण्याची, पिंपरी-चिंचवडची मंडळी हौसेने चालायला म्हणून नेमका सगळ्यात अवघड टप्पा निवडतात याचं मला दर वर्षी नवल वाटतं. पुणे-सासवड हा या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात शेवटी घाट, त्यात सगळं पुणे लोटलेलं. रविवारला जोडून आला की बघायलाच नको. सोयीचा म्हणून निवडतात, घरापासून जवळ म्हणून. पहिल्यांदा चालणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला तो टप्पा म्हणजे शिक्षा आहे. थोडं पुढे जा. जेजुरी ते वाल्हे बारा-एक किलोमीटर आहे. नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान होतं, पालखी लोणंदला येते, आणि लोणंद ते तरडगाव तर जेमतेम आठ किलोमीटर, सपाट रस्ता, वाटेत चांदोबाचा लिंब. तिथे सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण होतं. दुतर्फा उभ्या वारकऱ्यांच्या मधून अश्व दौडत येतो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकतात. आठ किलोमीटरला वहिनींना चालण्याचेच अडीच तास लागतील, विसावे धरून चार धरा. सगळा दिवस हातात असतो. रिंगणासाठी आधीच जाऊन सावलीला बसता येईल. त्या एका दिवसात त्यांना वारीतलं जे हवं होतं ते कदाचित मिळेल, आणि पुढे चालायचं की नाही हे त्यांचं त्यांना कळेल.

तोवर अंगाला सवय हवी. माउलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. चैत्रापासून धरलं तरी अडीच-तीन महिने मिळतात. पण पहिल्या दिवशी "चल, वारीची तयारी करू" म्हणालात तर गेलंच सगळं. त्या येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

पहिल्या दिवशी बोला त्या वाक्याबद्दल. "सकाळपासून तुमची पाठ बघत चालतेय मी." ते फक्त त्या सकाळचं होतं का, हे त्यांना विचारा. मी त्यांना ओळखत नाही, त्यांच्या बाजूचं पत्र माझ्याकडे नाही, म्हणून मी त्यात काही घालत नाही. पण पस्तीस वर्षांत आणखी कुठे कुठे तुम्ही लवकर पोचून थांबला होतात ते तुमचं तुम्ही आठवून बघा. जेवताना तुमचं ताट रिकामं होऊन तुम्ही हात धुवायला उठता तेव्हा त्यांची कितवी पोळी चालू असते? त्या एखादी गोष्ट सांगायला लागल्या की तिचा शेवट कोण सांगतं? कारखान्यात तुम्हाला वेळेचा पगार मिळत होता, सवय लागली, समजू शकते. पण आता निवृत्त झालात. कुठे जायचंय एवढ्या लवकर?

विचारल्यावर त्या बोलतील किंवा बोलणार नाहीत. बोलल्या तर मधे "पण मी थांबलो होतो ना" आणू नका. ते खरं असलं तरी आणू नका. तुमचा तो १४० मिनिटांचा हिशेब मात्र त्यांना जरूर दाखवा, तो तुमच्या बाजूचा नाही म्हणून दाखवा. "मी सव्वादोन तास बसलो आणि तू एकदाही बसली नाहीस, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं," एवढं सरळ सांगा आणि गप्प बसा. त्या रडल्या तर रडू द्या. हसल्या तर तुमचं नशीब थोर.

मग संध्याकाळी भाजीला जा. बागेत नको, बागेत तुमच्या ओळखीचे चालणारे भेटतील आणि "काय आज स्लो?" म्हणतील. मंडईत भरभर चालायची सोयच नसते. त्यांना भाव करू द्या, पिशवी तुम्ही धरा. आठवड्यातून तीन-चार वेळा असं झालं की मग एखाद दिवशी आळंदीला नाहीतर देहूला रिक्षाने जाऊन थोडं चाला. इंद्रायणीचा काठ सपाट आहे, बसायला जागा आहेत. बसायचं त्यांनी म्हटल्यावर, उठायचंही त्यांनी म्हटल्यावर. तुम्हाला आधी उठावंसं वाटेल. वाटू द्या.

ओळखीच्या एखाद्या दिंडीवाल्यांशी आत्ताच बोलून ठेवायला हरकत नाही. भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, किती, मुक्कामाला तंबू कसे, बायकांची सोय काय, सामान ट्रकमध्ये जातं का, आणि अधले-मधले दोन-तीन दिवस चालणाऱ्यांना घेतात का, हे नीट विचारा. कुणाला चालवेनासं झालं तर काय करतात, तेही विचारा, त्यांच्याकडे काहीतरी व्यवस्था असतेच. चपला नव्या घेऊ नका, दोघांनीही. पायाला सरावलेल्याच घाला. पण दिंडीत नाव घालायच्या आधी वहिनींना विचारा. त्या "तुम्ही जा" म्हणाल्या, तर यंदा कुणाचंच घालू नका.